तीन बोटांची राखुंडी

नाव हीच माणसाची खरी मिळकत. शेत, गुरं, घरदार ही सगळी निमित्तं. हे वाक्य आमच्या ओटीवर, आत येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. वाक्य दत्तूकाकांचं होतं. खाली त्यांची सही होती, पण तीसुद्धा पेंटरनेच केलेली होती, कारण काकांच्या मते त्यांच्या स्वतःच्या सहीपेक्षा पेंटरची अधिक भारदस्त दिसत होती.

दत्तूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील रेल्वेत होते आणि त्यांची सारखी बदली होई, म्हणून शाळा मोडू नये यासाठी मला खालापूरजवळच्या आमच्या गावी काका-काकींकडे ठेवलेलं होतं. काकांनी खालापूरच्या कचेरीत अठरा वर्षं हुकमांच्या नकला करण्याचं काम केलं होतं. हुकूम दुसऱ्यांचे, शाई सरकारची, पण भाषा मात्र काकांच्या अंगात मुरली. पाठीच्या दुखण्याने नोकरी सुटली तरी ती सुटली नाही. ताक हवं असलं की ते म्हणत, ‘‘ताकाची तजवीज व्हावी.’’ काकी ‘‘घ्या’’ म्हणून गडवा पुढे सरकवी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याचं तिला विशेष काही वाटत नव्हतं. तिच्या हातांना मात्र पुष्कळ काही येत होतं, आणि आमचं घर त्या हातांवर चाललेलं होतं.

काकी राखुंडी करी. आजच्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, तर सांगते: दात घासायची काळी पूड. कर्जत रस्त्यावर भाताची गिरणी होती. तिथून पोत्यांनी तूस यायचं. ते परसात ढीग करून, वरून ओलं गोणपाट टाकून दोन दिवस धुमसत ठेवायचं. जाळ लागला तर राख पांढरी होते आणि सगळं फुकट जातं; काळी राख हवी असेल तर ढिगाजवळ बसून राहायला लागतं. काकी बसून राही. मग ती राख उखळात कुटायची, त्यात मीठ, तुरटी, बाभळीची साल, लवंग, थोडा कापूर घालायचा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची. लांबून गिरणीच्या पट्ट्याची फटफट आणि परसात मुसळाची धपधप, या दोन आवाजांच्या मधे माझा सगळा अभ्यास झाला. आमच्या तांदळाच्या भाकरीला कापराचा वास येई, वालाच्या बिरड्याला लवंगेचा. मुंबईचे पाहुणे बिरड्याची स्तुती करून ‘यात काय खास घालता?’ असं विचारत. काकी म्हणे, ‘‘काय नाय, हात धुवायचा राहतो.’’

या राखुंडीला काकांनी नाव दिलं होतं: श्री दत्तात्रेय आरोग्यसंवर्धक सुगंधी काळे दंतमंजन. नावासाठी लेबल केलं. लेबलाच्या मधोमध अंडाकृती चौकटीत काकांचा फोटो, उसन्या कोटातला. भोवती वेलबुट्टी. वर दोन पदकं. त्यांतलं एक तालुक्याच्या शेती प्रदर्शनात काकीच्या दुधीला मिळालेलं होतं. दुसऱ्याचा ठसा छापखान्यासाठी ब्लॉक करणाऱ्याकडे तयारच होता. खाली बारीक अक्षरांत, ‘आमचा फोटो पाहूनच घ्यावे.’ फोटोतले काका समोर बघत नव्हते. जरा वर, उजवीकडे, कर्जतच्या दिशेने बघत होते.

आता तीन बोटांचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे खळ्यावर भाताची रास लागली, की मापं होईपर्यंत तिच्याभोवती बायका राखेची रेघ ओढतात. राखेत तीन बोटं बुडवायची आणि ओढत न्यायची. कुणी राशीला हात लावला तर रेघ मोडते आणि सकाळी कळतं. काकीच्या माहेरी ते काम तिचंच होतं. राखुंडीच्या पुड्या बांधताना ती कागदाची घडी खळीने चिकटवी आणि राखेने माखलेली तीन बोटं त्या घडीवरून ओढी. पांढऱ्या पुडीवर तीन काळ्या रेघा. मी एकदा विचारलं, ‘‘काकी, हे कशाला गं?’’ ती म्हणाली, ‘‘मी बांधली आन् मदी कुणी खोलली नाय, येवढं कळाया नगं का?’’ पुढे आयुष्यात मी व्यापारचिन्ह या विषयावर दोन पुस्तकं वाचली. त्यांत याहून वेगळं काही नव्हतं, पानं मात्र पुष्कळ होती.

आमचा निम्मा माल मोहोपाड्याला जाई. रसायनीचे कारखाने नुकते वाढत होते. घाटावरून, कोकणातून, कुठून कुठून माणसं येऊन चाळींमध्ये राहिली होती. कुणाची बोली कुणाला धड कळत नव्हती, वाचता थोड्यांनाच येत होतं. तिथे बाजारपेठेत वसंत दळवीचं किराणा दुकान होतं. तो आमचा माल ठेवी. पहिली पाळी सुटली की पिवळ्या पडलेल्या हातांची माणसं फळीशी येऊन नुसती तीन बोटं वर करत. वसंतशेट पुडी देई. एक शब्द बोलावा लागत नसे. त्यांतले काही जण ती पूड दातांऐवजी हातांवरचा रंग काढायला वापरत, पण ही गोष्ट आम्ही काकांपासून लपवून ठेवलेली होती.

वसंतशेट मोकळा माणूस होता. काकांना तो तोंडावर म्हणे, ‘‘दत्तूशेट, लेबल लावा नायतर नका लावू. काकींची बोटं हायत तवर माल खपतोय.’’ काकांना हे लागे. त्यात एकदा निवृत्त मामलेदारसाहेब आमच्या ओटीवर आले. काकांनी त्यांना पुडी भेट दिली, साहेबांनी ती खिशात घातली आणि त्यांच्या पांढऱ्या शुभ्र कोटावर तीन काळ्या रेघा उमटल्या. साहेब काही बोलले नाहीत. काकांच्या मते तेच भयंकर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते, निबंधाला शाळेत पहिली येत असे आणि पुढच्या शिक्षणाचं ठरेपर्यंत कंपनीचा पत्रव्यवहार माझ्याकडे होता. काकांनी विषय सांगितला, भाषा माझी.

‘सुजाण ग्राहकांस जाहीर सूचना,’ मी लिहिलं. ‘अलीकडे बाजारात तीन बोटांचे ओंगळ काळे डाग असलेल्या पुड्या आढळून येत आहेत. सदर डागांशी आमचा कोणत्याही प्रकारचा संबंध नाही. असे डाग असलेली पुडी आमची समजू नये व तिच्यापासून होणाऱ्या परिणामांस आम्ही जबाबदार राहणार नाही.’ ‘ओंगळ’ हा शब्द माझा. मला तो फार आवडला होता. कर्जतला हजारभर हँडबिलं छापून घेतली आणि वसंतशेटच्या दुकानापासून खालापूरच्या स्टँडपर्यंत सगळीकडे वाटली. काकीला विचारलं नाही. तिला एवढंच सांगितलं, की आजपासून पुडी डिंकाने चिकटवायची, हात धुऊन.

दीड महिन्यात मोहोपाड्याहून पोती परत आली. लोक स्वच्छ पुडी हातात घेत, उलटीपालटी करून बघत आणि ठेवून देत. ‘‘नकली हाय,’’ म्हणत. फोटो होता, पदकं होती, वेलबुट्टी होती. पण माल खोटा ठरला. काका आठवडाभर परत आलेली पोती मोजत राहिले. मग एका सकाळी कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘‘पूर्वीची पद्धत तात्पुरती चालू ठेवण्यास हरकत नाही.’’ काकी तोवर खळ कालवायला बसलीही होती. हँडबिलं मात्र मागे घेतली नाहीत. चूक कबूल करणारी जाहीर सूचना कचेरीत कधी निघालेली काकांनी पाहिली नव्हती.

त्यावर उपाय म्हणून त्यांनी नाव सरकारदरबारी नोंदवायचं ठरवलं. मला घेऊन मुंबईला गेले. फोर्टात एका जिन्याखालच्या खोलीत ट्रेडमार्कची कामं करणारे एक एजंट बसत. बुटके, चष्मा कपाळावर, बोलणं सरळ. त्यांनी लेबल पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, मग पुन्हा लेबल.

‘‘गिऱ्हाईक दुकानात येऊन काय मागतं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘श्री दत्तात्रेय आरोग्यसंवर्धक सुगंधी काळे दंतमंजन,’’ काका एका दमात म्हणाले.

‘‘एवढं? दात घासायच्या आधी?’’

मी म्हणाले, ‘‘ते म्हणतात, तीन—’’

‘‘शालिनी,’’ काका म्हणाले, ‘‘साहेबांना पाणी हवं आहे का बघ.’’ साहेबांसमोर भरलेला ग्लास होता. मी तो बघितला आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दल मी स्वतःला वयाची सूट देत आले आहे. अजून पूर्ण दिलेली नाही.

एजंटांनी समजावून सांगितलं, तेही आम्हाला कळेल असं. ‘‘नोंदणी म्हणजे सातबारा समजा. सातबारा नसला तरी जमीन तुमची असू शकते. पण मग कुणी बांध सरकवला, की ती तुमची आहे हे तुम्हाला दरवेळी पहिल्यापासून सिद्ध करत बसायला लागतं. साक्षीदार आणा, कागद आणा. नोंदणी असली, की सिद्ध करायची पाळी समोरच्यावर येते. म्हणून म्हणतो, लोक ज्या खुणेने तुम्हाला ओळखतात ती खूण नोंदवा. शब्दच पाहिजे असं नाही, चित्र चालतं, नुसती आकृती चालते. आणि सरकारचं एक जर्नल निघतं, त्यात दुसऱ्यांचे अर्ज छापून येतात. कुणी तुमची खूण मागत असेल तर मुदतीत हरकत घ्यायची. अधूनमधून चाळत जा.’’

काकांनी मान डोलावली. खालापूरच्या वाचनालयात एक वर्तमानपत्र आणि शेतीचं एक मासिक येई. अर्ज लेबलाचा केला. परतताना काका म्हणाले, ‘‘विद्वान गृहस्थ. पण गिऱ्हाइकांच्या अडाणीपणाला फार महत्त्व देतात.’’

अर्जावर सरकारी पत्र आलं: दंतमंजन हा शब्द सगळ्यांचा आहे, सुगंधी हाही सगळ्यांचा आहे, त्यावर एकट्याचा हक्क कसा? काकांनी उत्तर पाठवलं, म्हणजे मी लिहिलं, चार पानं. पुन्हा पत्र आलं. पुन्हा चार पानं. अशी दोन वर्षं गेली. काका त्या पत्रांची फाईल ओटीवर ठेवत आणि गावात सांगत, ‘‘दिल्लीशी बोलणी चालू आहेत.’’ कचेरी मुंबईतच होती.

मग एका दुपारी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला. जाड, मुंबईचा शिक्का. काकांनी ते फोडलं नाही. पोलीस पाटलांना बोलावलं, शेजारपाजारच्यांना बोलावलं, गूळ-खोबरं फोडायला सांगितलं, कोट घातला. ओटी भरली. काकी माजघराच्या दारात, हात कोपरापर्यंत काळे, तशीच उभी राहिली. ‘‘शालिनी,’’ काका म्हणाले, ‘‘इंग्रजी वाचावं, आणि मग मंडळींसाठी मराठीत सांगावं. सावकाश.’’

मी वाचायला लागले. पहिल्या ओळीत काकांचं संपूर्ण नाव होतं, दत्तात्रेय रामजी ठोंबरे, तेव्हा ते समाधानाने डोळे मिटून बसले. दुसऱ्या ओळीला मला कळलं, की हे सर्टिफिकेट नाही. वकिलाची नोटीस आहे. मोहोपाड्याचे व्यापारी वसंत दळवी यांनी तीन समांतर काळ्या रेघा हे चिन्ह दात घासण्याच्या पुडीसाठी रीतसर नोंदवलेलं आहे, श्री. ठोंबरे हे त्या चिन्हाची नक्कल करत आहेत. ती त्यांनी ताबडतोब थांबवावी, नाहीतर दावा लावला जाईल. मी इंग्रजी संपवलं. सगळे माझ्याकडे बघत होते. गूळ चावण्याचा आवाज येत होता.

‘‘मंग?’’ पोलीस पाटील म्हणाले. ‘‘मिळालं का रं दत्तू?’’

मी मराठीत सांगितलं. लांबवता येईल तेवढं लांबवून, पण शेवटी सांगायला लागलंच. काकांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

काकी दारातून म्हणाली, ‘‘म्हंजी माजी बोटं त्याची झाली?’’

तिने हातांकडे बघितलं, उलटे केले, सुलटे केले. मग परसात धुमसणारं तूस बघायला निघून गेली, कारण जाळ लागला असता.

पुन्हा फोर्ट, पुन्हा जिन्याखालची खोली. एजंट म्हणाले, अजून सगळं गेलेलं नाही. त्याच्या आधीपासून तुम्ही ही खूण वापरत असाल, तर कायदा तुमचा वापर तोडत नाही. शिवाय त्याची नोंद काढून टाका असा अर्जही करता येतो. फक्त पुरावा लागेल. तीन रेघांचा उल्लेख असलेला जुना कागद. बिल, पत्र, जाहिरात, काहीही. आम्ही घरून गाठोडं आणलेलं होतं. प्रत्येक बिलावर काकांचा चेहरा होता. तीन रेघांचा शब्द नव्हता कुठे. असणार कसा? काकांच्या कागदांत काकीला शिरायला जागाच नव्हती.

‘‘एक कागद आहे,’’ एजंट म्हणाले आणि त्यांनी दळवीच्या वकिलाकडून आलेली प्रत टेबलावर ठेवली. ते हँडबिल होतं. ‘‘सदर डागांशी आमचा कोणत्याही प्रकारचा संबंध नाही. तुम्हीच छापलंय. तुमच्या नावाने. हजार प्रती.’’ मग चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी ते पुन्हा वाचलं. ‘‘कुणी लिहिलंय हो हे? मराठी फार चांगलं आहे.’’

‘‘मी,’’ मी म्हणाले.

पुढे चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. मुलांच्या निबंधांत ‘ओंगळ’ दिसला, की माझं लाल पेन जरा थांबे.

तरी वाट होती. मोहोपाड्याच्या कामगारांनी शपथेवर सांगितलं असतं, की ही खूण आम्ही दळवीच्या आधीपासून ओळखतो. दहा-बारा जण तयारही होते. पण एजंटांनी एक अट सांगितली: आधी काकांना स्वतः शपथपत्र करायला लागेल, की माल माझ्या फोटोवर किंवा नावावर खपत नव्हता, माझ्या बायकोच्या बोटांवर खपत होता, आणि हँडबिलातला मजकूर खरा नाही. काकांनी मसुदा वाचला. घडी घातली. ‘‘यातली भाषा मला मान्य नाही,’’ म्हणाले. परत येताना वाटेत ते एकच वाक्य बोलले: ‘‘तत्त्वाचा प्रश्न आहे.’’ मी त्या वेळी तत्त्व कोणतं हे विचारलं नाही. त्यानंतर पुष्कळ वर्षं शोधलं.

घरी काकीने सगळं ऐकून घेतलं. ‘‘त्यांनी सई नाय केली?’’ एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लुगडं बदललं, मला म्हणाली, ‘‘चल गं शालू,’’ आणि आम्ही एसटीने मोहोपाड्याला गेलो. काकी त्याआधी मोहोपाड्याला कधी गेलेली नव्हती. तिची बोटं जात होती.

वसंतशेटने तिला बघितल्यावर फळीवरचं सामान उगाच सरकवलं. ‘‘बसा काकी. राग धरू नका. मी दत्तूशेटना चार येळा बोललो, बोटांचं कायतरी करून घ्या. त्यांनी माज्या हातात हँडबिल ठेवलं. म्हटलं, मालकच म्हणतोय माजं नाय, तर पडून का राहावं? तेच घेऊन गेलो वकिलाकडं.’’

काकी त्याच्याशी भांडली नाही. त्याने स्वतःची म्हणून विकायला ठेवलेली एक पुडी उचलली. छापलेल्या तीन रेघा, अगदी सरळ, एकसारख्या. पुडी फोडून तिने चिमूटभर पूड बोटांत चोळली. ‘‘ही राख हाय का रेती रं?’’

‘‘तुमच्याच गिरणीचं तूस हाय.’’

‘‘तूस माजंच आसंल. दम तुजा हाय. उघडून बगतोस ना सारखा?’’

दुकानात दोन कामगार उभे होते. त्यांतला एक हसला. ‘‘शेट, दोन पुड्या परत द्यायच्या हायत. पांढरी निघाली.’’

वसंतशेट ओशाळला. काकीने हातावरची पूड झटकली. ‘‘ऐक. बोटं तुजी झाली, सरकारनं दिली. त्याच्याखाली घालाया राख नाय तुज्याकडं. ती माज्याकडं हाय. पोत्यानं देईन. पुड्या तू बांद.’’

‘‘रेघा तुमीच ओढा की काकी. तुमच्या हातच्या—’’

‘‘नाय,’’ काकी म्हणाली. ‘‘त्या आता छापूनच घे.’’

त्यानंतर अनेक वर्षं मोहोपाड्यात तीन बोटांची राखुंडी खपली, पूर्वीपेक्षा जास्त. पूड तीच होती, परसातली. फक्त पुडीवर आता काकीचं बोट उमटत नव्हतं. काका या व्यवहाराला ‘कच्च्या मालाचा पुरवठा’ म्हणत. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं, त्यांना त्यांची खूण मिळत होती. पहिल्याच वर्षी सुगीत खळ्यावर रास लागली तेव्हा काकी राखेचं सूप घेऊन उभी राहिली, तीन बोटं बुडवली आणि मला म्हणाली, ‘‘एजंटाला पत्र लिवतेस तवा इचार गं, हितं ओडली तर चालंल का?’’ बायका हसल्या. ती हसली नाही. मी पत्र लिहिलं, पण ते विचारायचं धाडस झालं नाही.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, काकांचं सर्टिफिकेट आलं. खरंखुरं, सरकारी मोहोर असलेलं. या वेळी काकांनी कुणाला बोलावलं नाही. मी आधी एकटीने वाचावं, असं म्हणाले. लेबल नोंदलं गेलं होतं. खाली अट होती, की या नोंदणीमुळे पुढील गोष्टींवर अर्जदाराला एकट्याचा हक्क मिळणार नाही: श्री, दत्तात्रेय, आरोग्यसंवर्धक, सुगंधी, काळे, दंतमंजन, वेलबुट्टी आणि पदकं. एजंटांनी सोबतच्या चिठ्ठीत खुलासा केला होता, की एवढं वजा जाता मधला फोटो उरतो आणि तो पूर्णपणे आपला आहे. काकांनी ओटीवरची त्यांच्या वाक्याची फ्रेम उतरवून तिच्या जागी सर्टिफिकेट लावलं. दंतमंजनाच्या पुडीवर दत्तात्रेय रामजी ठोंबरे यांचा चेहरा छापण्याचा अधिकार संपूर्ण भारतात फक्त त्यांनाच होता. नोंदणीची मुदत सात वर्षांची होती, आणि त्या सात वर्षांत एकाही व्यापाऱ्याने त्या अधिकारावर अतिक्रमण केलं नाही.